एलबी नाना

नाना आमच्या घरात शिरले की आधी भिंतीवरच्या प्लगकडे बघतात, मग माझ्याकडे. "काय, बरं आहे ना?" हा प्रश्न ते आम्हा दोघांपैकी नेमका कोणाला विचारतात, ते मला वीस वर्षांत ठरवता आलेलं नाही. एकदा मी "हो, बरा आहे" म्हणालो, तर ते खाली वाकून, प्लगला हात लावून म्हणाले, "छे, जरा तापलाय."

सोसायटी म्हटली की त्यात तीन माणसं असतातच. एकाला नळातलं कळतं. दुसऱ्याला कायद्यातलं कळतं असं त्याला वाटतं. तिसऱ्याकडे मल्टिमीटर असतो. नळवाल्याला लोक बोलावतात, कायदेवाल्याला टाळतात आणि मल्टिमीटरवाला न बोलावता येतो. आमच्या बी विंगमधला तिसरा माणूस म्हणजे नाना. बुशशर्टाच्या खिशाला पेनच्या जागी टेस्टर, त्यामुळे पोस्टमनच्या वहीत सही करायला पेन कायम दुसऱ्याचं. समोरच्या दातात तारेच्या जाडीची एक छोटी खाच. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं तारेचं वेष्टण दातांनी सोलल्याची ती निशाणी. कवळी बसवायची वेळ आली तेव्हा हा एक दात राहू द्या म्हणून ते डॉक्टरांशी भांडले होते. डॉक्टरांना वाटलं, दात मजबूत असेल. तो औजारात धरलेला होता, हे त्यांना कसं कळणार?

नानांचा जगातल्या कुठल्याही बिघाडाला पहिला प्रश्न एकच. "सप्लाय तपासलास?" दिवा लागत नाही, मिक्सर फिरत नाही इथवर ठीक आहे. पण शेजारच्या मुलाचं लग्न मोडलं तेव्हाही त्यांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं होतं, "मुलाचा सप्लाय कोण करत होतं? बापच ना?"

हा प्रश्न समजायला नानांची विद्या समजून घ्यावी लागते. ती दोन अक्षरी शब्दांत आहे: एलबी आणि सीबी.

१९७९ साली नाना खात्यात चिकटले तेव्हा त्यांची नेमणूक सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झाली. तिथे मुठीने फिरवायचे फोन होते. असल्या फोनच्या पेटीत दीड-दीड व्होल्टचे दोन सेल असायचे. बोलण्याला लागणारी वीज त्या सेलांची, म्हणजे ज्याची त्याच्या घरची. एक्स्चेंजकडे जायचा तो नुसता आवाज. ही लोकल बॅटरी, एलबी. पुढे नाना पुण्यात आले आणि त्यांनी मोठ्या एक्स्चेंजची बॅटरी रूम पाहिली. दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल, गुडघ्याएवढे, ओळीने मांडलेले. मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. त्यांचं अधिक टोक जमिनीत पुरलेलं, तारा गंजू नयेत म्हणून. ही सेंट्रल बॅटरी, सीबी. हजारो घरांतल्या फोनना एकच माय जेवायला घालते, आणि ज्या दोन तारांवरून जेवण जातं त्याच दोन तारांवरून आवाज परत येतो. घरातले दिवे गेले तरी फोनचा टोन चालू असायचा तो ह्यामुळे. नाना ते सांगताना अजूनही आवाज खाली आणतात. पंढरपूरला पहिल्यांदा गेलेला माणूस गाभाऱ्याबद्दल बोलतो तसं.

पण पुढे खात्यातली वर्षं सरली तशी ह्या भक्तीला वेगळंच वळण लागलं. ह्या जगात सगळे तंटे सीबीमुळे होतात असं नानांचं मत झालं. माणसांचीही त्यांनी ह्याच दोन रकान्यांत विभागणी केली. वाण्याकडे उधारी नसलेला माणूस एलबी. सासऱ्याच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा जावई सीबी. मांजर एलबी, कुत्रा सीबी. आमचे चेअरमन सीबी, कारण आवाज त्यांचा असला तरी बॅटरी सेक्रेटरींची. मी नोकरीत होतो तोवर मीही सीबीच होतो. नोकरी सोडून घरून संपादनाची कामं घेऊ लागलो तेव्हा नानांनी जिलेबी आणून मला बढती दिली. म्हणाले, "झालास एलबी. फक्त सेल जरा वीक आहे."

आता मूळ गोष्टीकडे येतो. गणपतीनंतरचे दिवस होते. दिवाळी अंकाचं काम अंगावर आलेलं. सगळा मजकूर, चित्रं, जुन्या अंकांच्या फायली एका हार्ड डिस्कवर. हाताच्या पंजाएवढी, दहा-बारा वर्षं वापरलेली डिस्क. टेबलावर चहा सांडण्याची मला सवय आहे म्हणून मी तीन मीटर लांब वायर आणून ती डिस्क पलीकडच्या कपाटावर ठेवली होती. एका सकाळी तिने टक केलं. मग सर्रर्र. मग पुन्हा टक. घड्याळ दुरुस्तीला आलं आहे आणि त्याला जायचं नाही, असा आवाज. लॅपटॉपच्या पडद्यावर डिस्कचं नाव यायचं आणि आपली चूक झाल्यासारखं परत जायचं.

मी कोणाला बोलावलं नव्हतं. पण दार उघडं होतं आणि आवाज जिन्यात जात होता.

"उपाशी आहे," नाना दारातूनच म्हणाले.

त्यांनी लॅपटॉपपाशी वीज मोजली: पाच व्होल्ट, चोख. मग डिस्कच्या टोकाला, टकटक चालू असताना: चार पॉइंट एक. मग ते माझ्या आईसमोर जाऊन बसले, कारण आमच्या घरात त्यांचं शेवटपर्यंत ऐकून घेणारी ती एकटीच आहे. "माई, ह्या वायरीत चार तारा असतात. लाल म्हणजे पाच व्होल्ट. काळी म्हणजे जमीन. हिरवी आणि पांढरी बोलायच्या. वीज आणि बोलणं एकाच वायरीत. सीबी! आता ह्या लॅपटॉपच्या भोकाची ऐपत किती? अर्धा अँपियर. त्यातही पाहुणा नवा असेल तर आधी फक्त शंभर मिलिअँपियर. ओळख पटली, नाव लागलं, की मग कार्डावर पाचशे."

"रेशनसारखं," आई म्हणाली.

"तंतोतंत. आणि ह्या बाईला," नाना डिस्ककडे बोट करत म्हणाले, "चकती गरगर फिरवायला सुरुवातीला एक अँपियरच्या आसपास लागतो. त्यात ह्याने आणलीय तीन मीटरची वायर, आत केसासारख्या तारा. जाऊन-येऊन सहा मीटर. अर्ध्या अँपियरलाच अर्ध्या व्होल्टहून जास्त वाटेत खाल्लं जातं. बोलण्याला काय हो, बोलण्याला वीज लागत नाही म्हटलं तरी चालेल. खातं ते चाक. डेटा गरीब आहे, पॉवर खादाड आहे. दोघांना एका ताटात बसवलंय आणि गरीब मरतोय."

मी म्हणालो, "मग वायर बदलू का?"

नानांनी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि मला वाटतं हे त्यांनाही ठाऊक होतं.

"हिला एलबी करू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर तपकीर गल्लीत होतो. पासोड्या विठोबाला बाहेरूनच हात जोडायचे आणि बुधवार पेठेतल्या त्या गर्दीत शिरायचं, हा नानांचा पंधरा दिवसांचा नेम. तिथली दुकानं माणसाच्या खांद्याएवढी रुंद असतात आणि त्यांत न मिळणारी वस्तू अजून बनलेली नसते. नाना प्रत्येक वायर हातावर तोलतात, भाजीवाली मेथीची जुडी तोलते तशी. "हलकी आहे. तांबं खाल्लंय." दुकानदार त्यांना ओळखतो. तो वाद घालत नाही, वजनाची वायर आतून काढतो.

परतीच्या बसमध्ये त्यांनी खिशातून एक सुटा प्लग काढून मला दाखवला. "नीट बघ. आत चार पट्ट्या आहेत. कडेच्या दोन लांब, मधल्या दोन आखूड. का?"

मला माहीत नव्हतं.

"कडेच्या विजेच्या. प्लग खुपसताना त्या आधी टेकतात, मग बोलण्याच्या. काढताना बोलणं आधी सुटतं, वीज शेवटी. आधी पोटोबा, मग विठोबा! हे कोणी केलं असेल? बडोद्यात शिकलेला माणूस आहे. अजय भट्ट. इंटेलमध्ये त्यांच्या टोळीने हे काढलं. १९९६ च्या जानेवारीत पहिलं बाड निघालं. सात कंपन्या होत्या त्यात. आणि एक कुठली, सांग?"

तेही मला माहीत नव्हतं.

"नॉर्दर्न टेलिकॉम! टेलिफोनवाले! संगणकाला टेलिफोन जोडावा हा त्यांच्या मूळ हेतूंपैकी एक. म्हणून तर माझा संशय आहे की एकाच वायरीतून जेवण आणि बोलणं ही खोड आमच्याच घरातून तिकडे गेली." हे ते अभिमानाने म्हणाले की शरमेने, ते बसच्या आवाजात कळलं नाही. भट्टांबद्दल मात्र त्यांच्या मनात माया आहे. प्लग उलटा लागला की जग त्यांना नावं ठेवतं. नाना ठेवत नाहीत. "दोन्ही बाजूंनी लागेल असा केला असता तर तारा वाढल्या असत्या, किंमत वाढली असती. गरिबाचा प्लग आहे तो, अंदाजाने लावावा."

नानांच्या घरी मी पूर्वी गेलो नव्हतो असं नाही, पण त्यांचं वायरींचं कपाट त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचं लेबल, त्यावर काकूंच्या अक्षरात नाव. दोन मुख्य जाती होत्या: 'मुकी' आणि 'उपाशी'. मुकी म्हणजे जिच्या हिरव्या-पांढऱ्या तारा कापलेल्या, वीज फक्त जाते. एसटी स्टँडवरच्या किंवा रेल्वेतल्या प्लगला नाना आपला फोन ह्याच वायरीने लावतात. "परक्याच्या घरी जेवावं, बोलू नये. पलीकडून कोण काय विचारेल सांगता येत नाही." उपाशी म्हणजे जिची लाल तार कापलेली, नुसती बोलते. ह्या दोन जातींतला फरक मी एकदा विसरलो आणि 'उपाशी' घेऊन गेलो. रात्रभर फोन चार्जिंगला लावला. सकाळी फोनमध्ये तीन टक्के होते आणि मला मुंबईला जायचं होतं. नाना म्हणाले, "लेबल वाचत नाहीस? संपादक ना तू?"

ह्या विद्येसाठी नानांनी स्वतःच्या घरात बरंच सोसलं आहे. सोसलं ते काकूंनी, पण सांगतात नाना. त्यांच्या भाच्याने त्यांना गाणी ऐकायला एक छोटी पेटी दिली होती. संगणकातल्या आकड्यांचा आवाज करून देणारी, शिवाय स्वतःचं वेगळं अडॅप्टर असलेली. लॅपटॉप चार्जरवर असला की पेटीतून गाण्याखाली घुर्र असा आवाज यायचा, चार्जर काढला की जायचा. नानांनी निदान केलं: लॅपटॉपची घाणेरडी वीज लाल तारेवरून पेटीत येते आहे. कापली लाल तार. पेटी मुकी झाली. तिला तिच्या अडॅप्टरमधून वीज मिळत होती, दिवा लागला होता, पण लॅपटॉपला ती दिसेना. नाना तीन दिवस जेवले नाहीत असं काकू म्हणतात. नाना म्हणतात दोन. शेवटी त्यांना उमगलं. स्वतःचं खाणारी शहाणी पेटीसुद्धा लाल तारेवर एक डोळा ठेवून असते. त्या तारेवर पाच व्होल्ट दिसले की पलीकडे कोणी जागं आहे असं ती समजते, आणि मगच तोंड उघडते. "म्हणजे तिला जेवायचं नव्हतं रे. फक्त ताट दिसायला हवं होतं."

लाल तार पुन्हा जोडली गेली. पेटी बोलली. घुर्र परत आली. ती मुळात काळ्या तारेतून, जमिनीतून येत होती.

ह्या फजितीने ताठा उतरला असेल असं कोणालाही वाटेल. उलट पुढच्या खेपेला, जिथे लाल तार कापायला हवी होती, तिथे नानांनी ती धसका घेऊन राहू दिली. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या कॅटएवढा संगणक असतो, तो त्यांनी गाण्यांसाठी मांडला. त्याला स्वतंत्र वीज असलेला एक हब लावला, हबला डिस्क. रात्री दहाला काकू म्हणाल्या, आता पुरे. नानांनी पायचा प्लग भिंतीतून उपटला. गाणं चालूच.

"बंद केलंत ना?"

"केलं."

"मग गातंय कोण?"

दोघंही त्या हिरव्या पाटीकडे बघत उभी राहिली. प्लग नानांच्या हातात, आणि तानपुरा सुरू. काकूंनी देवापुढचा अंगारा आणला होता, हे नानांनी मला सांगितलं नव्हतं, काकूंनी सांगितलं. झालं होतं इतकंच की हबची वीज लाल तारेवरून उलटी पायमध्ये शिरत होती. ज्याने जेवायला घालायचं तो संगणक, ज्याला घालायचं तो हब, आणि रात्री दहा वाजता हबच संगणकाला घास भरवत होता. "मुलगा बापाला पोसायला लागला तर वाईट नाही," नाना म्हणाले, "पण दोघांचीही बॅटरी एकमेकींवर ढकलली जाते, त्यात एखादं जळतं."

तेव्हापासून त्यांचा नियम पक्का झाला आणि माझ्या डिस्कवर तो राबवला गेला. वायर मधोमध सोलली. अर्थात दातांनी. लॅपटॉपकडून येणारी लाल तार कापून तिच्या तोंडाला टेप लावली. डिस्कच्या बाजूच्या लाल तारेला पाच व्होल्टचं, दोन अँपियरचं अडॅप्टर. हिरवी-पांढरी जशीच्या तशी, पीळ न सोडता. रंगांवर विश्वास न ठेवता प्रत्येक तार मीटरने तपासून, कारण स्वस्तातली वायर बनवणाऱ्याला रंगांचं सोयरसुतक नसतं.

मी उत्साहात कात्री घेऊन म्हणालो, "आता काळी?"

नानांनी माझं मनगट धरलं. इतक्या जोरात त्यांनी पूर्वी एकदाच कोणाला धरलं असेल, जिवंत तारेला हात लावणाऱ्या हेल्परला. "काळी नाही! काळी कापायची नाही. अडॅप्टरची काळी, डिस्कची काळी, लॅपटॉपची काळी, तिन्ही एकत्र. अरे, पाच म्हणजे कशापासून पाच? शून्य कुठे आहे ह्यावर तिघांचं एकमत नको? नाहीतर हा म्हणेल एक, तिला ऐकू येईल भलतंच." मग जरा शांत होऊन म्हणाले, "आमच्या वाड्यात आजोबांनी वाटणी केली तेव्हा पाच भावांच्या पाच चुली झाल्या. देवघर एकच ठेवलं. चूल वेगळी, देव एक. ते काळी वायर कापत नव्हते."

डिस्क चालली. गुरगुरली, फिरली, फायली दिसल्या. नानांनी मीटर लावला. पाच पॉइंट शून्य सहा. त्यांनी माझं पेन मागून घेतलं आणि खिशातल्या डायरीत तारीख, वेळ आणि आकडा लिहिला.

काकू चहा घेऊन आल्या होत्या, डिस्क बघायला नव्हे, नानांना घरी न्यायला. माझ्या टेबलावरचा तो तारांचा पसारा पाहून आईला म्हणाल्या, "छत्तीस वर्षं ह्यांनी आवाज आणि वीज दोन तारांवर एकत्र नांदवली. आता रिटायर झाल्यावर दोघांचे घटस्फोट लावत हिंडतात."

गुरुवारी वीज गेली. पुण्यात गुरुवारी वीज जाते, ह्यात बातमी नाही. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्यामुळे त्याला पत्ताही लागला नाही. पण डिस्क, जी आता स्वाभिमानी झाली होती, भिंतीवरच्या अडॅप्टरवर जगत होती. ती एका लेखाच्या मध्यावर गप्प झाली. सीबी असती तर लॅपटॉपच्या जिवावर आरामात चार तास काढले असते.

मी वर जाऊन नानांना हे सांगितलं. सांगताना माझ्या आवाजात थोडा विजय असेल. नानांनी डोळे मिटले. "माझी चूक. तुझा फोन फायबरवर गेला तेव्हा मी काय म्हणालो होतो?" म्हणाले होते खरं. घरी फायबरची पेटी बसली त्या दिवशी त्यांनी ती काच हातात धरून सांगितलं होतं की हिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही. आता घरचे दिवे गेले की फोनही गेला. "अख्ख्या शहराला एलबी करून टाकलं, आणि सेल द्यायचं विसरले." आता तेच त्यांनी माझ्या डिस्कला केलं होतं.

म्हणून पॉवर बँक आली. अडॅप्टर पॉवर बँकेला, पॉवर बँक डिस्कला. वीज गेली की बँक सांभाळेल. पहिली बँक वीज जाताना क्षणभर डोळा मिचकवायची, तेवढ्यात डिस्क पडायची. दुसरीही तसलीच. तिसरी मिचकवत नव्हती, पण तिचा स्वभाव निराळा होता. डिस्क काही न करता स्वस्थ बसली, की बँकेला वाटायचं गिऱ्हाईक गेलं, आणि ती दुकान बंद करून झोपायची. कमी वीज ओढणाऱ्याला बँक ओळखतच नाही. हे वाक्य नानांचं आहे आणि ते त्यांनी फक्त विजेबद्दल म्हटलं होतं.

बँकेला जागं ठेवायला नानांनी तिच्या दुसऱ्या भोकात एक दिवा लावला. जिभेसारखा चपटा, पांढरा, छोटा एलईडी. तो सतत थोडी वीज ओढत राहणार, म्हणजे बँकेला वाटणार दुकानात कोणीतरी आहे. अट एकच. तो दिवा दिवसरात्र तेवत राहिला पाहिजे.

दिवाळी अंक त्या दिव्याच्या उजेडात निघाला. पाहुणे येत आणि विचारत, दिवसाढवळ्या दिवा कशाला? मी समजावून सांगायचा प्रयत्न करी. तिसऱ्या वाक्यात त्यांचे डोळे घड्याळाकडे जात. मग आईनेच सोपं उत्तर काढलं. "नंदादीप आहे," ती सांगे, आणि पाहुणे समजुतीने मान हलवत. दसऱ्याला तिने टेबलाशी रांगोळी काढली. नानांनी स्वतःचा मल्टिमीटर त्यावर आणून ठेवला आणि त्याला झेंडूचं फूल वाहिलं. नाना रोज येत, मीटर लावत. पाच पॉइंट शून्य सहा, कधी शून्य पाच. माझं पेन मागत. आकडा लिहीत. पेन कधी परत मिळे, कधी नाही.

दिवाळीला माझी मुलगी बंगळूरहून आली. संध्याकाळी तिला जुने फोटो हवे होते. तिने पसारा बघितला, काही विचारलं नाही, डिस्क त्यातून सोडवली आणि आपल्या बॅगेतली वीतभर वायर लावून थेट लॅपटॉपला जोडली. टक नाही, काही नाही. डिस्क फिरली.

"बाबा," ती म्हणाली, "वायर फार लांब होती तुमची. एवढंच."

नाना दारात उभे होते. किती वेळ, मला माहीत नाही. मी काही बोलणार तोच ते पुढे आले, डिस्कवर हात ठेवून तिचं फिरणं जोखलं, रोग्याच्या छातीवर ठेवावा तसा.

"चालतेय," ते म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. पण कोणाच्या जिवावर?"

मुलगी हसली. नाना तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "तू सांग. बंगळूरला घरभाडं कोण देतं?"

"मीच देते, नाना."

"स्वयंपाक?"

"मीच."

"आणि आई-बाबांना फोन?"

"रोज."

"झालं तर. चूल वेगळी, देव एक," असं म्हणून त्यांनी समाधानाने मान डोलावली, आणि ते पुढे काही बोलणार तेवढ्यात मुलीने आपला फोन उचलून त्याच पॉवर बँकेच्या रिकाम्या झालेल्या भोकाला लावला. नाना बघत राहिले. मग त्यांनी खिशातून मीटर काढला, लावला, वाचला. चेहरा उजळला.

"अरे, हिने लोड दिला की! आता बँक झोपणार नाही. दिव्याची गरज नाही. विझव तो."

"विझव नाही म्हणायचं, शांत कर म्हणायचं," आई आतून म्हणाली. "आणि तेही आत्ता नाही. तिन्हीसांजा आहेत."